उठबस

जमिनीवरून उठताना माझ्या तोंडून आवाज येतो, हे मला माझ्या चार वर्षांच्या नातवानं सांगितलं. आणि करूनही दाखवलं. ‘हं... आई गं... हुश्श.’ तीन तुकड्यांत. घरातले सगळे हसले, मीही हसले. पण रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात मुद्दाम खाली बसले आणि उठून पाहिलं. पोट्टं खरं बोलत होतं. ‘हं’ निघताना येतो, ‘आई गं’ ओट्याची कड हाताला लागते तेव्हा, आणि ‘हुश्श’ उभं राहिल्यावर.

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. साठीची बाई, कुरकुर होणारच. पण उठणं हा माझा धंदा होता हो. मी बारा वर्षं खो-खो खेळले.

बाहेरून बघणाऱ्याला खो-खो हा पळण्याचा खेळ वाटतो. पेपरातला फोटोही पळणारीचा, नाहीतर खांबावर सूर मारणारीचा. पाटीवर बसलेल्यांना विचारा. आठ जणी एका ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आपापल्या चौकोनात दबा धरून बसलेल्या. नववी पाठलागावर. तिनं पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हटलं की उठता उठताच पळायचं. आधी उठलात आणि मग पळायला लागलात, तर समोरची गेलीच म्हणून समजा. त्यात एकदा धरलेली दिशा बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारी मात्र बसलेल्यांमधून नागमोडी कुठूनही निसटणार. मोठा अन्यायी खेळ आहे. म्हणूनच आवडायचा बहुतेक.

आमचे सर नव्या मुलींना पहिले पंधरा दिवस पळूच द्यायचे नाहीत. मे महिना, तोही नागपूरचा. नऊ वाजता महाल भागातलं ते मैदान तव्यासारखं तापायचं, म्हणून पहाटे साडेपाचला हजेरी. आदल्या संध्याकाळी पाणी मारलेली माती, तिच्यावर फक्कीच्या रेषा, आमचे अनवाणी पाय. आणि काम एकच, बसायचं. चवड्यांवर, टाचा उचललेल्या, हातांची बोटं पुढं मातीला टेकलेली. खो आला की उठा. परत बसा. सकाळभर तेच. ‘पायानं काय उठून राहिल्या पोट्ट्यांनो, कमरेनं उठा!’ सर ओरडायचे. कमरेनं उठणं म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. एक दिवस आपोआप कळतं आणि मग आयुष्यभर विसरता येत नाही. म्हणजे मला असं वाटायचं, की आयुष्यभर.

खेळाच्या कोट्यातून बँकेत लागले. लग्न झालं, मुलगी झाली, खो-खो सुटला. मग कॉलनीत बॅडमिंटन. चाळिशीनंतर पळण्याचा नाद लागला. फुटाळ्याच्या काठानं, सेमिनरी हिल्सच्या चढावर, कोणी बरोबर असो नसो. आधी दहा किलोमीटर, पुढे एकवीस. पन्नाशीत अर्धमॅरेथॉन पळणारी बाई म्हणून कॉलनीत मान होता आणि तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर लिफ्टपुढे रांग लावणाऱ्या धडधाकट माणसांकडे मी ज्या नजरेनं बघायचे, ती नजर आता आठवली की मान खाली जाते. लिफ्टच्या रांगेत उभं असताना जास्तच.

सत्तावन्नाव्या वर्षी उजवा टोंगळा सुजला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, टोंगळा म्हणजे गुडघा. पण पूर्ण तेच नाही. गुडघा डॉक्टरच्या फायलीत असतो, टोंगळा दुखतो. एक्सरे काढला. दोन हाडांमधली फट एका बाजूनं बारीक झालेली. झीज आहे, डॉक्टर म्हणाले. हे घरी आल्यावर म्हणाले, ‘पळून पळून झिजवलेस तू.’ मी म्हटलं, तुमच्या आई आयुष्यात बसच्या मागे सुद्धा पळाल्या नाहीत, त्यांचे दोन्ही गुडघे का बदलावे लागले? त्यावर हे चहा ठेवायला उठले. एका झटक्यात उठले, तेही माझ्या डोळ्यांत भरलंच.

सांध्यातली कूर्चा ही विचित्र वस्तू आहे. तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत. त्यामुळे एकदा झिजली की हाड जसं जुळून येतं तशी ती भरून येत नाही. तिचं जेवणखाण सांध्यातल्या पातळ द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो हालचालीनं, स्पंज दाबून सोडावा तसा. म्हणजे पळू नका असं सांगणारा डॉक्टर बसूनही राहू नका असंच सांगणार. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं हे समजावलं तेव्हा मला त्या कूर्चेबद्दल उगाच आपलेपणा वाटला. हललं तरच पोट भरणार, अशी ती.

ही मुलगी जेमतेम पंचविशीची. तिनं पहिल्याच दिवशी मला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर आडवे घ्यायला सांगितले आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. ‘काकू, तीस सेकंद. हात न लावता पूर्ण उभं राहायचं, परत बसायचं. किती वेळा होतं ते बघू.’ मी मनात हसले. हिला काय माहीत, हिच्यासमोर कोण बसलंय!

अकरा.

‘साठीच्या बायकांत बाराच्या खाली आलं तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात,’ ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. मी म्हटलं, ‘बेटा, मी खो-खोची विद्यापीठाची खेळाडू होते.’ ती कौतुकानं म्हणाली, ‘हो का! छान.’ आणि लिहिलेला अकराचा आकडा तसाच राहू दिला.

मला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? शक्ती गेली, वेग गेला, ते एक वेळ समजतं. पण आतल्या खेळाडूला कोणी निरोपच दिलेला नाही. परवा बडकस चौकात एक पोरगा मोटारसायकल घेऊन उलट्या बाजूनं अंगावर आला. माझ्या अंगानं, मला न विचारता, डावीकडे हूल दिली आणि उजवीकडे वळायला घेतलं. चाळीस वर्षांपूर्वी हजारदा केलेली हूल. डोळ्यांनी बरोबर मोजलं, खांदा बरोबर पडला, कंबर वळली. टोंगळा तेवढा जागेवर. पोरगा घाबरून डिव्हायडरला चिकटला. मी डाळिंबाच्या गाडीला धरून उभी राहिले. गाडीवाला म्हणाला, ‘मावशी, लागलं का?’ हव, म्हटलं, लागलं. कुठं ते त्याला काय सांगणार.

यामागचं शास्त्र फिजिओवालीनंच सांगितलं. स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात, झटक्याचे आणि दमाचे. वय वाढतं तसे झटक्याचे आधी बारीक होत जातात, दमाचे बरेच तग धरतात. म्हणून साठीचा माणूस गांधीसागर तलावाला चार फेऱ्या आरामात मारील, पण दूध उतू जाताना दिसलं तर गॅसपर्यंत वेळेत पोचणार नाही. आता खो-खोत पहिलं पाऊल सोडलं तर उरतं काय? नेमका माझा माल आधी उचलला गेला. हीच मी लहानपणापासून लांब पल्ल्याची धावपटू असते, तर अजून काही वर्षं स्वतःला फसवता आलं असतं.

घरच्या ग्रुपवर मग सल्ले आले. दिराच्या सुनेनं भगवानीदेवी डागर यांचा फोटो पाठवला. २०२२ साली फिनलंडमधल्या टाम्पेरे इथल्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत या हरियाणवी आजींनी वयाच्या ९४ व्या वर्षी १०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं, २४.७४ सेकंदांत. खाली दोन जोडलेले हात आणि एक दंड फुगवलेला. माझं स्पष्ट मत आहे की असल्या निरोपांनी आजवर कोणाचाही टोंगळा बरा झालेला नाही. आजी थोर आहेत. निरोप पाठवणारी बाई स्वतः खाली दूध आणायला स्कूटर काढते.

पण तो आकडा डोक्यातून जाईना. एकोणिसाव्या वर्षी मी शंभर मीटर १३.८ मध्ये पळायचे. एका पहाटे, कोणालाही न सांगता, मैदानावर गेले. पावलांनी अंतर मोजलं, हातात मोबाइल धरला आणि पळाले. पळाले म्हणजे माझ्या दृष्टीनं. कोपऱ्यात सूर्यनमस्कार घालणाऱ्या एका काकांनी थांबून विचारलं, ‘ताई, काही हरवलं का?’ २६.९. मोबाइल बंद करण्यात गेलेला अर्धा सेकंद वजा केला तरी ९४ वर्षांच्या बाईंनी मला हरवलं होतं, तेही फिनलंडमधून. मी तिथेच मातीत बसले आणि हसत सुटले. काकांनी पाणी आणून दिलं. त्यानंतर तीन दिवस बर्फाची पिशवी आणि ह्यांचं न बोलणं. पण एक झालं. आकड्यांशी चाललेलं भांडण त्या दिवशी बरंचसं मिटलं. इतकं मोठं हरल्यावर काही लपवायचं राहत नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. बायकांचा आणि पुरुषांचा, दोन्ही आपण जिंकले, दोन्हीकडे अंतिम सामना नेपाळशी. मॅटवर खेळतात आता, बूट घालून, दिवे काय, गाणी काय! कर्णधार प्रियांका इंगळेच्या मुली बसल्या पाटीवर आणि मी सोफ्याच्या कडेला कधी सरकले कळलं नाही. प्रत्येक ‘खो’ला माझ्या पोटऱ्या आखडत होत्या. नातू म्हणाला, ‘आजी, तुझे पाय हलून राहिले.’ सामना संपला तेव्हा मी घामाघूम. फिजिओवालीला सांगितलं तर म्हणाली, हाही व्यायामच समजा काकू.

पोळ्याच्या पाडव्याला मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला मी दरवर्षी जाते. पूर्वी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ, काळी आणि पिवळी मारबत जिथे भेटतात त्या रेटारेटीत, तासन्‌तास उभी राहायचे. यंदा एका दुकानाच्या पायरीशी उभी होते. आतून एक तरुण प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. ‘बसा ना मावशी.’ एक क्षण असा राग आला म्हणता! पण बसले. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मारबतीचा चेहरा नीट दिसला. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर झाला तेव्हा मीही ओरडले. तोंडातल्या तोंडात ‘टोंगळाबी घेऊन जा’ जोडलं. ती गेली आपली मिरवत. टोंगळा संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी बैलामागे माझ्याबरोबर होताच.

खुर्चीचा आकडा आता चौदावर आलाय. सात महिन्यांत तीन. एके काळी सात महिन्यांत मी काय काय केलं असतं, तो हिशेब मांडत नाही.

दिवाळीनंतर त्याच मैदानावर लहान मुलींचा वर्ग सुरू झाला. आमची एक जुनी मैत्रीण चालवते. तिचा फोन आला, ‘काय करून राहिली घरी? ये की, पोट्ट्यांना बसणं शिकव.’ पळणं नव्हे, बसणं. मी गेले. पंधरा-वीस मुली, आठ-दहा वर्षांच्या, पायांत आईनं धुऊन दिलेले पांढरे बूट. सांगून सांगून काही त्यांना कळेना. कोणी मांडीच घालून बसतेय, कोणी टाच टेकवतेय. शेवटी मीच बसले खाली. चवड्यांवर, टाचा वर, बोटं मातीत. बसणं अजून येतं हो. दोन सेकंद वाटलं, आत्ता पाठीवर थाप पडली तर...

मग उठायची वेळ आली. डावा तळवा मातीवर टेकला, उजव्या हातानं मांडी धरली, थोडी वळले, आणि उठले. आवाजासकट. सगळ्या मुली टक लावून बघत होत्या.

‘हं, आता तुम्ही करून दाखवा,’ मी म्हटलं.

पहिली पोरगी खाली बसली. छान बसली. मग डावा तळवा मातीवर टेकला, उजव्या हातानं मांडी धरली, किंचित वळली, आणि अतिशय मन लावून म्हणाली, ‘हं... आई गं... हुश्श.’

‘बरोबर आहे का, मॅडम?’

मागच्या सगळ्या जणी तयारीत होत्या, डावे तळवे टेकवून.