दोर्दोन्यला दिवाळीच्या सुट्टीत: पोचायचा दिवस नीट ठरवा, बाकी आपोआप जमतं

दिवाळीची सुट्टी आणि फ्रान्समधली तूसाँची (1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची) शाळांची सुट्टी साधारण एकाच सुमारास येते, म्हणून आम्ही यंदा मुलं, सासूबाई सगळे मिळून नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात गेलो, सार्ला शहराच्या जवळ एका खेड्यात. पॅरिसबद्दल मराठीत ढिगाने माहिती मिळते, खेड्यात पोचायचं कसं याबद्दल फारशी नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने (वेगवान ट्रेनने) बोर्दो साधारण दोन तासांत येतं. तिथून छोटी ट्रेन थेट सार्लापर्यंत जाते पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि पुढे खेड्यात शिरायला गाडी लागतेच, त्यामुळे आम्ही बोर्दोलाच गाडी घेतली. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा, तिकडे मॅन्युअल गाड्या अजून भरपूर आहेत. लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढूनच निघा. बोर्दो ते सार्ला अडीच तास धरा, थांबत गेलात तर तीन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उजेडात पोचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग सहाच्या आधीच सूर्य मावळतो. गावाबाहेर रस्त्यावर दिवे नाहीत, रस्ता एका गाडीपुरता, मधेच हरीण आडवं येतं, आणि काही घरांना नंबर नसून नुसतं वाडीचं नाव असतं. मालकांकडून गुगल मॅपचं लोकेशन आधीच मागवून ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी दिसली की 50 चा स्पीड, तेच नाव तिरकी रेघ मारलेलं दिसलं की गाव संपलं. बाहेर बहुतेक ठिकाणी 80. आणि जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती छोटीशी गल्ली का असेना, हे डोक्यात पक्कं बसवा.

भाड्याच्या घराला तिकडे जीत म्हणतात. बुकिंग बहुतेक शनिवार ते शनिवार, आणि चावी दुपारी चारनंतर. बुक करतानाच तीन गोष्टी विचारा: चादरी-टॉवेल धरलेत का, हीटिंगचे पैसे वेगळे का, लाकडाची शेगडी असेल तर लाकडं कोणाची. दगडी घरं आतून खूप गार असतात. आमच्या मालकीणबाईंनी आम्ही यायच्या आधीच शेगडी पेटवून ठेवली होती, सासूबाई कोट न काढता तिच्यासमोर जाऊन बसल्या आणि तासाभराने म्हणाल्या, "आता इथून मला उठवू नका गं."

किराणा मात्र घरी पोचायच्या आधीच घ्या. शनिवारी संध्याकाळी पोचून उद्या बघू म्हणाल तर रविवारी बरीचशी सुपरमार्केटं दुपारी साडेबारा-एकलाच बंद होतात, सोमवारी गावातली छोटी दुकानं बंद, आणि एरवीही बारा ते दोन जेवणाची सुट्टी. 1 नोव्हेंबर तर सार्वजनिक सुट्टीच. त्या दिवशी लोक कबरींवर शेवंती वाहतात, त्यामुळे आधीचा आठवडाभर दुकानांसमोर शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग दिसतात. आपल्याला वेणीची, पूजेची शेवंती बघून भरून येतं, पण मालकीणबाईंना भेट म्हणून ती नेऊ नका, तिथे ते मृतांचं फूल आहे. चकल्या न्या, आमच्या पाच मिनिटांत संपल्या.

शाकाहारी लोकांनी नीट विचारूनच मागवा. हा बदकाचा प्रदेश, सार्लाचे प्रसिद्ध परतलेले बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत होतात. सॅलडमध्ये बेकनचे तुकडे असतात का तेही विचारा. सेप मशरूमचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर) आणि अक्रोड घातलेलं काबेकू चीजचं सॅलड हे दोन्ही मस्त. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, ऑक्टोबरात तिथे ताजे अक्रोड मिळतात, ते चुकवू नका. आपल्याकडच्या सुक्या अक्रोडाशी काही संबंध नाही: गर पांढराशुभ्र, ओलसर, वरची पातळ कडवट साल नखाने निघते आणि आतला घास दुधासारखा गोड. झाडाखाली पडलेले मात्र उचलू नका, ते कुणाच्या तरी शेतातले असतात, आणि हिरव्या सालीने बोटं काळी होतात ती आठवडाभर जात नाहीत.

सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो (घड्याळं बदलायच्या आधी तर साडेआठच्या सुमारास), मग दोर्दोन्य नदीवर दाट धुकं, त्यामुळे दोम किंवा बेनाक या उंचावरच्या गावांतून नदी बघायची असेल तर अकरानंतर चढा. रानात फिरताना भडक रंगाचं जॅकेट घाला, हा शिकारीचा सीझन असतो, रस्त्याच्या कडेला शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर सरळ मागे फिरा. मोंतिन्याकला लास्को (आदिमानवाने चित्रं काढलेली गुहा) नक्की बघा: मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि 1963 पासून लोकांसाठी बंद आहे, आता बघायला मिळते ती 2016 मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती. तिकीट वेळेनुसार असतं आणि सुट्टीत इंग्लिश टूर लवकर भरतात, म्हणून घर बुक कराल त्याच आठवड्यात हेही करून टाका.

कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या.