माझा अनुभव : मशेरी, हलणारे दात आणि हिरड्यांचे उपचार

गेल्या वर्षी श्रावणात माहेरी गेले होते. भावाने शेतातली कणसं भाजून आणली. दुसऱ्याच घासाला खालचा पटाशीचा दात मागे कलंडल्यासारखा झाला आणि दाण्यांवर रक्त उतरलं. कुणाला दिसू नये म्हणून कणीस पदराआड धरून मी ओट्याच्या कडेला जाऊन बसले. जिभेने दात ढकलून पाहिला, तर तो पुढेमागे हलत होता. माझं वय तेव्हा ४६. आईचे सगळे दात पन्नाशीच्या आतबाहेर गेले होते. आमच्या घराण्यातच दात लवकर जातात, असं आम्ही सगळ्या बहिणी धरून चाललो होतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. रक्त यायला नेमकी कधी सुरुवात झाली ते सांगता येत नाही, पण पाच-सहा वर्षं तरी चूळ भरली की गुलाबी रेघ दिसायची. मी ते उष्णतेवर घालवलं. सब्जा भिजवून प्याले, तुरटीच्या पाण्याने गुळण्या केल्या, मिठाच्या पाण्याने केल्या. मिठाच्या पाण्याने बरं वाटायचं, ठणका कमी व्हायचा. मग एका बाजूची हिरडी सुजली, बोटाने दाबली की पू यायचा. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. सूज गेली आणि दोन महिन्यांनी तिथेच परत आली. असं तीनदा झालं. सूज गेली म्हणजे दुखणं गेलं, असंच मला प्रत्येक वेळी वाटलं.

आता मशेरीचं सांगते. काही भागांत तिला मिसरी म्हणतात. लग्न होऊन आले त्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, स्वतःच्या डबीतली चिमूटभर बोटावर दिली. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरगाळून वस्त्रगाळ करायचा आणि डबीत भरायचा. भाजतानाचा तो ठसका घरभर बसतो, लेकरं खोकत बाहेर पळतात. सुरुवातीला मी सकाळी एकदा लावायचे, मग जेवणानंतर, मग दुपारी काम आटोपल्यावर. २२ वर्षांत दिवसाला पाच वेळा झालं. मातांच्या बैठकीत मी तंबाखूचे तोटे वाचून दाखवत होते आणि डबी माझ्या पर्समध्ये असायची. हे लिहायला मला जड जातं. पण माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

मशेरीने हिरड्या घट्ट होतात, असं आमच्याकडे सगळ्या बायका म्हणतात. मीही तेच मानत होते.

कणसाच्या प्रसंगानंतर तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले. तोंडात टॉर्च मारून दोन मिनिटांत सांगितलं, सगळे काढून कवळी बसवू. ना फोटो, ना तपासणी. मी घरी येऊन रडले. लेकीने तिच्या मैत्रिणीला विचारलं आणि आम्ही एका दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. महाराष्ट्रात सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. खाजगी महाविद्यालयं इतर बऱ्याच जिल्ह्यांत आहेत आणि तिथे शिकाऊ डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे खाजगी दवाखान्याच्या मानाने फार कमी लागतात, वेळ मात्र भरपूर जातो. पहाटेची एसटी धरायची, केस पेपर काढायचा, आधी सगळ्यांच्या रांगेत तोंड दाखवायचं, मग हिरड्यांच्या विभागात पाठवतात.

तिथली पहिली तपासणी माझ्या कायम लक्षात राहील. तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती. तिने सुईसारखी बारीक, टोकाला बोथट आणि अंगावर काळ्या खुणा असलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीच्या आत हळूच सरकवत गेली. एका दाताला सहा जागी. ती आकडे म्हणत होती आणि शेजारचा मुलगा तक्त्यावर लिहीत होता. "तीन, दोन, तीन. चार, पाच, पाच. सहा, पाच, सात." खालच्या पुढच्या दातांपाशी आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "आठ."

मी विचारलं, हे आकडे कसले? तिने हातातली सळई मला दाखवली. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटरची खाच असते. चार किंवा त्याहून जास्त भरली आणि आतून हिरडी सुटलेली असली, की त्याला पॉकेट म्हणतात. दाताला धरून ठेवणारं हाड तिथे झिजायला लागलेलं असतं. मी महिन्याच्या महिन्याला लेकरांची वजनं करून वाढीच्या तक्त्यावर मांडते. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. माझ्या तोंडाचा तक्ता पाहिला आणि मला एका क्षणात कळलं की मी लाल पट्ट्यात आहे.

मग तिने विचारलं, "मावशी, मशेरी लावता का?" दातांच्या मागचा काळा थर पाहूनच तिला कळलं होतं. मी हो म्हटलं. ती रागावली नाही. म्हणाली, तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं आणि बाईला वाटतं हिरडी घट्ट झाली. आतलं हाड मात्र झिजतच असतं. "तुमच्या एवढ्या दुखण्याला खरं तर याहून खूप जास्त रक्त यायला हवं होतं." २२ वर्षं ज्याला मी औषध समजत होते, त्याने माझं दुखणं झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी तिने गालाच्या आतली कातडी आणि जिभेच्या कडाही नीट पाहिल्या, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम नाही ना म्हणून. तंबाखू लावणाऱ्या प्रत्येकीने हे करून घ्यावं, दात दुखोत न दुखोत.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. दातांच्या मधलं हाड जिथे उंच असायला हवं तिथे ते खाली बसलेलं मलाही दिसलं. रक्तातली साखर तपासायला सांगितली. मी म्हटलं, मला साखर नाही. निघाली. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते ती ७.४ आली, ६.५ किंवा त्याच्या पुढे मधुमेह धरतात. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला जड जाते, असं दुहेरी नातं आहे. दाताच्या खुर्चीत बसून मला माझी साखर कळली, हे मी आता प्रत्येक बैठकीत सांगते.

उपचार म्हणजे आधी कीटण काढणं. अन्नाचा आणि जंतूंचा मऊ थर दातावर रोज बसतो. तो निघाला नाही तर थुंकीतल्या क्षारांनी काही दिवसांतच कडक व्हायला लागतो, आणि मग कितीही घासा, ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तो सगळ्यात जास्त साचतो, कारण जिभेखाली लाळग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं. माझे पटाशीचेच दात आधी का हलले, ते तेव्हा उमगलं.

दात साफ केले की ते हलायला लागतात, ही भीती मलाही होती. मोठ्या मॅडमनी समजावलं की दात आधीच सैल झालेले असतात, कडक कीटणाने ते एकमेकांना चिकटून उभे असतात. कीटण निघालं, सूज उतरली, की फटी दिसतात. माझंही तसंच झालं. चार भाग करून चार वेळा बोलावलं. बधिरतेचं इंजेक्शन देऊन हिरडीच्या आत मुळापर्यंत खरवडून काढलं. दुखलं नाही, पण मुळावर हत्यार घासल्याचा आवाज डोक्यात घुमतो, तो मनाची तयारी करून ऐकावा. नंतर दोन आठवडे गार पाणी सहन होत नव्हतं. दात लांब दिसायला लागले. आरशात पाहून वाईट वाटलं, पण श्वासाचा वास गेला होता. तो वास माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांना यायचा. गोष्ट सांगताना एक पोर तोंड फिरवायचं, ते मला कळत होतं.

सगळ्यात कठीण दिवस मशेरी सोडल्यानंतरचे. पहिल्या तपासणीच्या आठवड्यातच मी डबी ठेवून दिली. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलतात आणि पुढेही फोन करून विचारपूस करतात. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, जेवल्यावर बोट आपोआप पर्सकडे जायचं. मी बडीशेप आणि ओवा भाजून त्याच आकाराच्या दुसऱ्या डबीत भरून ठेवला. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी ब्रश केल्यावर बेसिन लाल झालं. एवढं रक्त मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, "बघ, मशेरी सोडलीस आन् हिरड्या फुटल्या." मी डबी हातात घेतली होती. खरंच घेतली होती. मग त्या शिकाऊ डॉक्टरणीचं वाक्य आठवलं, याहून जास्त रक्त यायला हवं होतं. जे झाकलेलं होतं ते उघडं पडत होतं. मी डबी चुलीत टाकली. सफाईचे चारही भाग झाले तेव्हा रक्त थांबलं.

मशेरी सोडणाऱ्या बाईला हे आधीच सांगायला हवं. मध्ये काही दिवस रक्त जास्त येईल, घाबरून परत लावू नका, दवाखान्यात जा. माझ्या मते अर्ध्याअधिक जणी इथेच परत फिरत असतील.

ब्रश कसा करायचा हे मी वयाच्या ४६व्या वर्षी शिकले. मऊ ब्रश, दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरका टेकवायचा, जागच्या जागी थरथरवायचा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटकायचा. आडवं खसाखसा घासायचं नाही, त्याने हिरडी खाली सरकते. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं चुकवायचं नाही. आणि जिथे फटी झाल्यात तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश घालायचा. हा माझा सगळ्यात लाडका झाला आहे. पहिल्या दिवशी तो घातला आणि नुसत्या ब्रशने स्वच्छ वाटलेल्या जागेतून काय निघालं ते पाहिल्यावर मी एकही रात्र तो विसरले नाही. क्लोरहेक्सिडिनचं गुळण्यांचं औषध दोन आठवड्यांपुरतंच दिलं होतं. ते जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही जाते, आणि पेस्ट लावल्यावर अर्धा तास थांबूनच ते घ्यायचं असतं.

सहा आठवड्यांनी परत तीच सळई, तेच आकडे. बहुतेक ठिकाणी पाचाचे तीन, सहाचे चार झाले होते. खालचा आठवाला दात राहिला नाही, तो काढावा लागला. शेजारचे दोन बारीक तारेने आतून बांधून दिले. उजव्या बाजूच्या दाढांपाशी सहा-सात तसेच होते, म्हणून तिथे हिरडी उघडून, आत साफ करून टाके घातले. आठ दिवसांनी टाके काढले. त्या आठवड्यात मऊ भात, ताक, गार खीर एवढंच. मशेरी चालू असती तर जखम नीट भरली नसती, असं मॅडम म्हणाल्या.

माझ्या कामात यामुळे थोडा फरक पडला आहे. गरोदर मातांना मी आता हिरड्यांचं आवर्जून विचारते. त्या दिवसांत हार्मोन्समुळे हिरड्या लगेच सुजतात आणि बायका रक्त येतं म्हणून ब्रश करायचंच सोडतात, तिथेच ते वाढतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घेता येतात. आमच्या मदतनीस ताईंच्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या वाढल्या होत्या. त्या रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घेतात, आणि त्या गोळीने काहींना असं होतं. मी त्यांना गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

आता दर तीन महिन्यांनी बोलावतात. मागच्या वेळी साखर ६.६ होती, गोळी आणि चालणं चालू आहे. तक्त्यावर शेवटच्या दाढेमागे एक पाच अजून आहे, बाकी तीनच्या आत. शिकाऊ डॉक्टरणीने आकडे म्हणायला सुरुवात केली की मी मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणते.

आत्या ७१ वर्षांच्या आहेत. त्यांची डबी अजून कमरेला असते. परवा मी इवला ब्रश घालत होते तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी गाल बोटाने ओढून दाखवला आणि विचारलं, "हे पांढरं दिसतंय ते काय गं?" चट्टा दोन नखांएवढा आहे, पुसल्याने जात नाही. माझी तारीख पुढच्या महिन्यात होती. आम्ही मंगळवारीच जातोय, पहाटेच्या एसटीने.