डॉर्सेटमध्ये सासरची वंशावळ: आधी डॉर्चेस्टर गाठा, गाव नंतर

नवऱ्याचे पूर्वज इंग्लंडमधल्या डॉर्सेट काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, ब्लॅकमोर व्हेल या खोऱ्यातले शेतमजूर. त्यांच्या शोधात गावच्या चर्चला जाऊन जुनी वही बघू, असं ठरवत असाल तर तो बेत आजच रद्द करा. १९७८च्या चर्च-कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या नोंदवह्या, मोजके अपवाद सोडले, तर काउंटीच्या दफ्तरखान्यात जातात. डॉर्सेटचा दफ्तरखाना डॉर्चेस्टरला आहे. आम्हाला ज्या एजन्सीने गावाला धाडलं, तिने हे सांगितलंच नाही. वर नोंदींच्या प्रतींचे भरमसाट पैसे लावले. त्याच नोंदी तिथल्या सार्वजनिक लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर फुकट दिसतात! एजन्सीला एक पेनीसुद्धा देऊ नका.

आणि ती शेतवाट! स्टर्मिन्स्टर न्यूटनच्या पुढे 'सोपी चाल' म्हणून सांगितलेली. तिथली माती चिकण, पावसानंतर बूट अक्षरशः ओढून घेते. कुंपण आलं की निसरड्या लाकडी पायऱ्यांवरून पलीकडे उतरायचं, पुन्हा चिखल. वैतागून डांबरी रस्ता धरला, तर कडेला चालायला जागा नाही, दोन्ही बाजूंना उंच झुडपं, वळणावरची गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. हिवाळ्यात सरळ टॅक्सी करा. एवढं करून चर्चच्या आवारात हाती काय? काही नाही. मजुराच्या घरी थडग्याचा दगड कोरून घ्यायला पैसे कुठले!

डॉर्चेस्टर मात्र सोनं आहे. पत्त्यासह ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. पेन चालत नाही. १ जुलै १८३७च्या आधी सरकारी जन्मनोंद नाही, सगळी भिस्त चर्चवर. १८१३पासून बाप्तिस्म्याचा छापील तक्ता आहे, त्यात बापाचा धंदाही मिळतो. १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून 'जानेवारी १७२०' आपल्या हिशेबाने १७२१.

१७५४नंतरच्या लग्नाच्या वहीत वधूवरांची सही असते, नाहीतर फुली. आमच्या पणजीच्या पणजीची फुली तिरकी, एक टोक लांब ओढलेलं. ती बघून माझे डोळे भरून आले.

पण तेवढ्यावर उठू नका. गरिबांना कुठल्या पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने) पोसायचं यावरून जे जाबजबाब व्हायचे, ते कागद मागा. माणूस कुठे जन्मला, कोणाकडे वर्षभर राबला, सगळं त्यात सापडतं. जमीनदारांचं नाही, मजुरांचं.