ऑडिशनची वही : कान फुटल्याची ओळ

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की विद्यार्थ्यांच्या एका गटाने 'शारदा' हे जुनं संगीत नाटक करायला घेतलंय आणि मी वल्लरीच्या, म्हणजे शारदेच्या मैत्रिणीच्या भूमिकेसाठी नाव दिलंय. तेव्हापासून दीड महिना वहीत काही उतरवलं नाही. आज एकदम सगळं लिहिते, तारखा टाकून, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी अशा ऑडिशनला जाणार असेल तर उपयोग होईल.

नवीन मंडळींसाठी एवढंच : दोन्ही कानांना मशीन, आठव्या वर्षापासून गाणं, सध्या पुण्यात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. 'ऐकू येत नाही तर गातेस कशी' या प्रश्नाला उत्तर देणं मी केव्हाच सोडलंय.

१४ जून

जाहिरात आली. गटात अपंग विद्यार्थी आणि बाकीचे साधारण निम्मे-निम्मे असतील. ('दिव्यांग' हा शब्द सरकारी अर्जात मी लिहिते, घरी कुणी वापरत नाही.) तीन मिनिटं मिळणार. गाणं म्हणा, खुणांच्या भाषेत करा, नाहीतर ठेक्यावर नुसतं बोला, तिन्ही चालेल. संहिता आधी मिळणार, आणि ती युनिकोडमध्ये.

हे युनिकोडचं वाचून हसू नका. संगणक शिकणारा एक अंध मुलगा कोदंडासाठी, म्हणजे नाटकातल्या तरुण नायकासाठी, तयारी करतोय. त्याला आधी कुणीतरी जुन्या पुस्तकाचे फोटो काढून पाठवले होते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी ती कोरी पानं. मग दुसऱ्याने जुन्या डीटीपी फाँटातली फाइल दिली, तर स्क्रीन रीडरने त्याला अर्धा तास इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचून दाखवली. शेवटी गटातल्या चौघांनी अख्खं नाटक हाताने टाइप केलं, आणि टाइप करता करता दोन तासांचं केलं.

नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ सालचं. पैशासाठी कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या आजीची पक्की समजूत होती की बालविवाहाविरुद्धच्या 'शारदा कायद्या'चं नाव या नाटकावरून पडलं. मीही परवापर्यंत तसंच सांगत होते. तो कायदा १९२९चा, आणि नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचं. आजीला आता कोण सांगणार.

२२ जून

गाणं कोणतं? पहिला विचार 'मूर्तिमंत भीती उभी'चा. ते शारदेचं, मला हवी होती वल्लरी, पण गळा दाखवायला बरं असं वाटलं. आठवडाभर घोटलं आणि सोडून दिलं. कारण गळा नव्हे, मशीन.

हे जरा सविस्तर लिहिते. मशीन वापरून गाणारे इथे आणखी दोघं-तिघं आहेत आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही. कानाचं मशीन बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं सारखं खालीवर होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा किंवा गाडीचा असणार, असं मशीन गृहीत धरतं आणि हळूहळू दाबून टाकतं. आता सांगा, आपल्या गाण्यात एकसारखा चालू राहणारा आवाज कुठला? तानपुरा! मी षड्ज लावून बसायची, आणि काही सेकंदांत तानपुरा विरघळल्यासारखा नाहीसा व्हायचा. इतकी वर्षं मला वाटायचं की माझंच लक्ष उडतं. गाण्याच्या बाईंनाही तसंच वाटायचं, आणि त्यावरून मी बोलणीही खाल्लीत.

दुसरी भानगड शिट्टीची. मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते. लांबवलेला, स्वच्छ सूर आला की तीच सोय त्याला शिट्टी समजते आणि त्याच्यावर लहर चढवते. बासरी मला कायम थरथरणारी ऐकू येते, त्याचं कारण हे.

ऑडिओलॉजिस्टकडे गेले आणि गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम मागितला. आवाज दाबणं बंद, शिट्टीची सोय कमीत कमी, माइक चारी दिशांना उघडे. बटण दोनदा दाबलं की तो सुरू होतो. घरी येऊन तानपुरा लावला आणि नुसती बसून राहिले. तो जातच नव्हता. रडले वगैरे नाही, भूक लागली होती. पण त्या दिवशी रियाज दीड तास झाला.

तरी लांबवलेल्या सुरांचं पद तीन आठवड्यांत बसवणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून वल्लरीचंच 'म्हातारा इतुका न' घेतलं. चाल पळती, शब्द खटकेबाज, थट्टा गळ्यापेक्षा जिभेवर जास्त. माझं स, श, फ कच्चं आहे, ती अक्षरं मला ऐकूच येत नाहीत. ती ओठांवर आणि जिभेवर घोटावी लागतात, पण ते काम माझ्या सवयीचं.

एक गोष्ट मात्र घोटताना लक्षात आली. या पदात म्हाताऱ्याचा एकेक अवयव मोडीत निघतो. दात जातात, मग दोन्ही कान फुटतात, मग डोळे रुसतात. दुसरी ओळ म्हणताना माझ्या दोन्ही कानांत मशीन. लहानपणी हे पद ऐकून मी पोट धरून हसले होते, तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं.

५ जुलै

ऑडिशनआधी प्रत्येकाला एकदा ऑर्गनसोबत म्हणून बघायची मुभा होती. ही सोय ज्याच्या डोक्यात आली त्याला माझ्याकडून भजी. गेल्या वर्षी एका एकांकिकेच्या निवडीला मी गेले होते, तिथे कुठल्या पट्टीत वाजणार हेच मंचावर पोचल्यावर कळलं. दोन ओळींत थांबवलं आणि 'छान प्रयत्न' म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेसूर होतं. बेसूर म्हणायला हवं होतं.

ऑर्गन मला नवीन. पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनमध्ये आत ओढतो. त्याचा आवाज गोल आणि खालून भरलेला येतो. हॉलमधला चौथरा लाकडी आहे. ऑर्गनवाले काका म्हणाले, "चपला काढून उभी राहा, आणि अशी, माझ्या डाव्या हाताला." खालचा षड्ज त्यांनी धरला आणि तो माझ्या टाचेत आला. डग्ग्याचा घुमारा तर पोटरीपर्यंत. वरचे सूर असे येत नाहीत, त्यांच्यासाठी कानच लागतात. पण षड्ज पायात असला की उरलेल्या सुरांना घर सापडतं.

ज्यांच्याकडे लाकडी फळ्या नाहीत त्यांनी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून बघा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या डब्यातून मला फारसं काही जाणवलं नाही.

१२ जुलै

पुण्यातला पाऊस, रिक्षा नाही, अर्ध्या वाटेत डाव्या कानात खरखर. ट्यूबमध्ये दमट हवेचं पाणी साठतं. जाताना सिलिका जेलची डबी घेतली होती, पोचल्यावर मशीन दहा मिनिटं त्यात ठेवलं आणि त्या दहा मिनिटांत समोर कोण काय बोललं ते देव जाणे. दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या. नवी बॅटरी चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग बसवायची, हे घाईत विसरू नका.

साधारण तीस जण होते. व्हीलचेअरवरचा एक सीनियर भुजंगनाथासाठी येईल असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तो कांचनभटासाठी आला होता. "म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं तर लोक खुर्चीला हसतील. मला लोकांनी माझ्या लोभाला शिव्या घालायला हव्यात," म्हणाला, आणि मुलीचा भाव ठरवण्याचा प्रवेश असा केला की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यावा. (मला आला नाही, माझा प्रोग्रॅम वेगळा होता.) त्यावर बाहेर चहाला बरीच वादावादी झाली. देवलांची थट्टा म्हातारपणाची नाही, त्या वयात बोहल्यावर चढण्याची आहे, हे खरं. पण हसू येतं ते दातांवर आणि कानांवरच ना? भुजंगनाथ धडधाकट पोराला द्यायचा, हे तिथेच जवळजवळ ठरलं.

माझ्या आधी एक कर्णबधिर मुलगी. ती बोलत नाही, खुणांच्या भाषेत करते. तिनेही हेच पद घेतलं होतं! दुभाषी बाजूला हात बांधून उभा, कारण भाषांतर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने शब्दाला शब्द लावला नाही. आधी म्हातारा उभा केला, मग त्याचे दात एकेक करून तळहातावर वेचले आणि मोजले. कानाच्या ओळीला तिने कानाला हातच लावला नाही. समोरून कुणीतरी बोलतंय आणि म्हातारा समजल्यासारखं मान डोलावतोय, एवढंच. मला घाम फुटला. ते मान डोलावणं मी रोज करते, सकाळी त्या दहा मिनिटांतही केलं होतं.

मग मी. अनवाणी, काकांच्या डाव्या हाताला. उडी बरी बसली, ठेका सुटला नाही, मुरके दोन कमी केले. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, कारण तसा नियमच केला होता. दिग्दर्शिका ताईंनी काकांकडे बघितलं.

काका म्हणाले, "सूर चढतोय."

मी विचारलं, "सगळीकडे?"

"नाही. कानाच्या ओळीवर. बाकी ठीक आहे."

त्यांनी माझा लागलेला सूर ऑर्गनवर वाजवून दाखवला, मग हवा होता तो. परत म्हणायला लावलं. परत चढला. तिसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "त्या ओळीला जोर का लावतेस? थट्टा तर हळू करायची असते." मला उत्तर ठाऊक होतं, दिलं नाही. जोर लावला की सूर चढतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. त्या ओळीशी आले की 'मला काही वाटत नाही हं' असं सगळ्या हॉलला दाखवायची घाई होते, आणि ती घाई गळ्यात येते.

पण खरं सांगते, घरी जाताना मी खूश होते. माझी चूक कुठल्या ओळीत आहे ते मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

दुसरी फेरी जोडीने होती, माझ्या वाट्याला तो कोदंड. फजिती. त्याला माझा आवाज कुठून येतो ते हवं, मला त्याचे ओठ दिसायला हवेत. तो आवाजाकडे कान वळवतो, म्हणजे तोंड दुसरीकडे. दोन वाक्यं एकमेकांवर आदळली, तिसऱ्याला दोघंही गप्प. मग त्याने चालताना धरतो तसा माझा कोपर धरला. बोलायच्या आधी श्वास घेतला की त्याची पकड किंचित घट्ट होते. त्यावर अर्धा प्रवेश निभावला. जाताना म्हणाला, "डोळे रुसल्याची ओळ मला द्या." ताई म्हणाल्या, "ते मैत्रिणींचं गाणं आहे, तू तिथे कसा येशील?"

१९ जुलै

यादी लागली. वल्लरी मिळाली. अर्धी.

खुणांची मुलगी वल्लरी आहे, आणि मी तिचा आवाज. तिच्याच रंगाचं परकर-पोलकं घालून, मंचावर तिच्याशेजारी. अशी जोडी लावायची रीत नवी नाही. लॉस एंजेलिसचं डेफ वेस्ट थिएटर, कर्णबधिर कलावंतांचं, १९९१ साली सुरू झालं, त्यांची संगीतनाटकं अशाच जोड्यांवर उभी राहिली. हे मला ताईंनी समजावून सांगितलं, आणि मी दोन दिवस तोंड पाडून बसले. भूमिका म्हणजे चेहरा आपला हवा, असं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

२६ जुलै

पहिली तालीम. प्रश्न हा की कुणी कुणाच्या मागे जायचं? मी ठेक्याने गेले तर तिचे दात वेचायचे राहतात. तिच्या हातांप्रमाणे गेले तर तबलजी माझ्याकडे डोळे वटारतो. तडजोड अशी की दोन ओळींच्या मध्ये एक आवर्तन मोकळं सोडायचं, त्यात ती दात मोजेल. समेवर ती टाचेने फळी हाणते, ती मलाही लागते आणि तिलाही.

कानाच्या ओळीला ती मान डोलावते, आणि मी तिच्याकडे बघत गाते. पहिल्यांदा सूर बरोबर आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चढला, काकांनी ऑर्गन थांबवून नुसतं बोट वर केलं.

पुढच्या आठवड्याचा रियाज : ती एकच ओळ, अर्ध्या आवाजात, रोज वीस वेळा, फोनवर रेकॉर्ड करून. घरी लाकडी फळी कुठून आणायची याचा शोध चालू आहे. आईने जुन्या पाटावर उभी राहा म्हटलंय, बघते.