‘वापराचा उद्देश’ हा रकाना आणि आमच्या वाडीचे अकरा महिने

जोडणीच्या फॉर्मवर ‘वापराचा उद्देश’ असा एक रकाना असतो. त्यात मी खरं ते लिहिलं, ‘पीएम-वाणी योजनेखाली सार्वजनिक वाय-फाय’. त्या एका ओळीपायी आमच्या वाडीचं इंटरनेट अकरा महिने रखडलं.

योजना साधी आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. पूर्वी एसटीडी-पीसीओचे बूथ असायचे, तसंच हे, फोनऐवजी वाय-फायचं. दुकानदार, बचत गट, कोणीही पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस होऊ शकतो. त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी नाही. हिशेब आणि लॉगिन सांभाळायला वर एक ॲग्रीगेटर असतो, विभागाकडे नोंदणी त्याने करायची. मला ॲग्रीगेटर दोन दिवसांत मिळाला. इथवर सगळं इतकं सुरळीत झालं की मी ग्रामसभेत ‘दिवाळीला वाय-फाय’ असं बोलून बसलो. साल २०२४, महिना ऑगस्ट.

राहिली होती फक्त वाय-फायला इंटरनेट पुरवणारी, मागून येणारी लाइन. मूळ गावात फायबर आलेली, वाडी दरीपलीकडे. गावात साधी फायबर जोडणी घ्यायची आणि तिथून समोरासमोरच्या डिशने, म्हणजे बिनतारी अँटेनांनी, वाडीवर सोडायची, असा बेत. कंपनीच्या तालुक्याच्या कार्यालयात फॉर्म दिला. खिडकीमागच्या साहेबांनी तो वाचला, उद्देशाच्या रकान्यावर पेन टेकवून ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही पुढे विकणार?”

“कूपन देणार. योजनाच तशी आहे.”

“मग हा प्लॅन नाही मिळायचा. लीज लाइन घ्या.”

लीज लाइन म्हणजे बँका आणि मोठ्या कंपन्या घेतात ती. ठरलेला वेग चोवीस तास फक्त तुमच्यासाठी राखलेला, आणि भाव त्या हमीचा. त्यांनी सांगितलेला वर्षाचा आकडा काही लाखांत होता. चाळीस घरांची वाडी, दिवसाला १० रुपयांचं कूपन. गुणाकार मी खिडकीसमोरच करून दाखवला. साहेब म्हणाले, “ते बरोबर आहे हो, पण सिस्टीम घेत नाही.”

सिस्टीम घेत नाही! हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की घरी पोरं चिडवायला लागली. योजनेची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. ती फाईलला लागली. “वरून उत्तर आलं की कळवतो.” दिवाळी गेली. हेल्पलाइनवर तक्रार केली, तर चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ काय निराकरण? फोन केला तर म्हणे तालुक्याच्या कार्यालयात चौकशी करा. तिथे साहेब रजेवर. नंतर त्यांची बदली, आणि नव्या मॅडमना फाईल सापडेना. मी पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा तोच रकाना, पुन्हा तीच ओळ.

जो तो म्हणत होता, “घरगुती लिहा ना भाऊ, कोण बघायला येतंय?” सरपंचांनी तर बाजूला घेऊन समजावलं. मी ऐकलं नाही. जोडणी माझ्या नावावर, त्यावर येणारे-जाणारे शंभर जण, उद्या काही भानगड झाली तर फॉर्मवर खोटं मीच लिहिलेलं असणार. हे कारण खरंच, पण हट्टही होता. फेब्रुवारीत बारावीची मुलं खिंडीत उभी राहून व्हिडिओ उतरवून घेताना दिसायची, तेव्हा तो हट्ट मला स्वतःलाच जड जायचा.

आता कळतंय, पहिल्याच दिवशी नकार लेखी मागायला हवा होता. तोंडी नकाराला ना तारीख असते ना सही. मी सहा महिने फुकट घालवले ते त्यामुळे.

मग जून २०२५ मध्ये ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, दर-आदेश आला. २०० एमबीपीएसपर्यंतचे जे घरगुती फायबर प्लॅन आहेत, ते पीएम-वाणीच्या पीडीओंना द्यायचे आणि त्या वेगाच्या घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारायचं नाही. म्हणजे ही अडचण एकट्या माझी नव्हती. (दुप्पट ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. कमी होतो का विचारून बघा, मी विचारलं नाही.) प्रिंट काढली, दोन ओळींखाली लाल रेघ मारली आणि खिडकीत सरकवली. मॅडमनी आदेश पाहिला नव्हता, पण वाचला मात्र नीट. तरी तीन आठवडे लागलेच. जुलैत लाइन आली. पावती हातात घेतली तेव्हा आनंद कमी आणि थकवाच जास्त होता.

पुढचं काम दोन दिवसांचं, म्हणजे असायला हवं होतं. डिश ५ गिगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरींना २०१८ पासून परवाना लागत नाही, मान्यताप्राप्त उपकरण घ्या म्हणजे झालं. पण मी सर्व्हे मार्चमध्ये केला होता, सागाची पानं गळालेली असताना. जुलैत तीच झाडं छत्र्या उघडून उभी, वर पाऊस, आणि ओली पानं सिग्नल खातात. समोरची डिश नुसती दिसून भागत नाही. ३ किलोमीटरच्या अंतरात मध्यावर त्या रेषेभोवती सगळीकडून साधारण ६ मीटर मोकळं असलं तर उत्तम. खांबाला दोन पाइप चढवावे लागले. अर्थिंगचा खड्डा मात्र आधीच करून घेतला होता, डोंगरावर विजा पडतात. आणि हो, डिशपासून खाली येणारी केबल १०० मीटरच्या आत ठेवा.

सध्या कूपनांतून लाइनचं बिल निघतं, विजेचं अजून निघत नाही.

एक गोष्ट आम्हा कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ॲपमध्ये पहिल्यांदा नोंदणी करायची तर मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, आणि वाडीत रेंजच नाही. म्हणून ज्याला वाय-फाय हवं त्याला एकदा खिंडीत न्यावं लागतं, तिथे दोन रेघा येतात. परवा शेजारच्या आजींना मोटारसायकलवरून घेऊन गेलो. ओटीपी आला, मी वाचून दाखवला, आजींनी एकेक आकडा दाबला. परत बसताना म्हणाल्या, “उद्या किती वाजता निघायचं?”

“उद्या नाही आजी. हे एकदाच.”