समुद्री टाकीची प्रगती: अल्कलिनिटी खाली येऊ लागली

मागची नोंद लिहिली तेव्हा टाकीत खडक, वाळू आणि काचेवर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर, एवढंच होतं. आता टाकीने वेग घेतलाय आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ज्यातून प्रवाळ सांगाडे घडवतात) उतरू लागलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सम्प (यंत्रं ठेवायची जोडटाकी) धरून प्रत्यक्ष पाणी २०० लिटर. सम्पमध्ये स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, रिटर्न पंप. खडक कोरडा, म्हणजे जिवंत काही नसलेला, वाळू अ‍ॅरागोनाइटची. सायकलिंग (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं) मासा न घालता केलं. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दशलक्षात २ भाग) नेला आणि बाटलीतले बॅक्टेरिया सोडले. अमोनिया लवकर उतरला, त्यापासून बनणारं नायट्राइट मात्र बरंच रेंगाळलं. या काळात नायट्रेटच्या टेस्टवर अजिबात जाऊ नका. पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो आणि माणूस उगाच पाणी बदलत बसतो. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला आणि तो एका दिवसात संपला, तेव्हाच टाकी तयार समजली.

डायटम आपोआप गेले. त्यानंतर खडकावर हिरवं केसाळ शेवाळ आलं, ते ट्रोकस गोगलगायींनी आटोक्यात ठेवलंय. या टप्प्यात औषधाच्या बाटल्या ओतायची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. कोरड्या खडकावर कोण आधी येऊन बसतं याची ती चढाओढ असते, तिला वेळ द्यावाच लागतो.

खारटपणाबद्दल (सॅलिनिटी) एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या टाकीतून दिवसाला साधारण ३ लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे भर घातली नाही तर ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) पाणी एका दिवसात ३५.५ च्या आसपास जातं. म्हणून भर नेहमी आरओडीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याची, आणि तीही ऑटो टॉप-ऑफने (आपोआप भर घालणाऱ्या यंत्राने) थोडी थोडी. खारं पाणी घालायचं ते फक्त पाणी बदलताना. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर लावून समाधान मानू नका. आपल्याला मोजायचंय ३५ ला, तेव्हा कॅलिब्रेशनही ३५ पीपीटीच्या द्रावणानेच करा. शून्याला बरोबर असलेलं यंत्र वर चुकू शकतं.

आता सगळ्यात आनंदाची बातमी. पिवळा वॉचमन गोबी आणि टायगर पिस्टल कोळंबी यांची जोडी जमली! दोघांना वाळूच्या एकाच कोपऱ्यात सोडलं होतं. आता उजवीकडच्या खडकाखाली त्यांचं बीळ आहे. कोळंबीची नजर अधू, त्यामुळे बिळाबाहेर येताना तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. ती पुढचे दोन्ही नांगे जोडून वाळू ढकलत बाहेर आणते, तोंडाशी टाकते, आणि गोबीची शेपटी जराशी थरथरली की क्षणात आत. मग गोबीही डोकं आधी घालून बिळात. छत लहान पडलं की कोळंबी शिंपल्याचा तुकडा ओढून आणते आणि आतून टेकू लावते. हे बघत बसलं की वेळेचं भान राहत नाही. ही जोडी ठेवायची असेल तर खडक वाळूवर ठेवू नका. आधी खडक थेट तळाच्या काचेवर, मग भोवती वाळू. हे खणत खणत कुठवर जातील याचा नेम नसतो. वर जाळीचं झाकणही हवंच, गोबी उडी मारतो.

गोबी आणि दोन्ही क्लाउनफिश आधी वेगळ्या टाकीत ठेवले होते. समुद्री इचवर (माशांवरच्या परजीवी रोगावर) तांब्याचं औषध चालतं, पण ते गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ यांना मारक आहे, त्यामुळे ते मुख्य टाकीत घालताच येत नाही. वेगळी टाकी हवी ती यासाठी.

आता मुख्य मुद्दा. अल्कलिनिटी बरेच दिवस ८.५ डीकेएचला (अल्कलिनिटीचं एकक) स्थिर होती. आता ती आठवड्याला साधारण १ डीकेएच उतरतेय. टाकीत अजून प्रवाळ फारसे नाहीत, मग हे कोण खातंय? मागच्या काचेवर आणि पंपावर जांभळे ठिपके दिसू लागलेत: कोरलाइन शेवाळ. तेही कॅल्शियम कार्बोनेटच घडवतं. मला हा आकडा उतरताना बघून खरंच आनंद झाला, कारण टाकीत सांगाडे तयार होऊ लागले याची ती पावती आहे.

कॅल्शियम मात्र ४२० पीपीएमवरून हललेलं दिसत नाही, आणि ते दिसणारही नाही. प्रवाळ आणि कोरलाइन शेवाळ अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात उचलतात: १ डीकेएचमागे कॅल्शियम सुमारे ७ पीपीएम. ४२० मधले ७ आपल्या घरगुती किटला नीट कळत नाहीत, ८.५ मधला १ मात्र लगेच कळतो. म्हणून रोजची नाडी अल्कलिनिटीची बघायची. कॅल्शियम अधूनमधून, मॅग्नेशियम त्याहून कमी वेळा. माझं १३०० च्या आसपास आहे आणि ते तिथेच असू दे. मॅग्नेशियम कमी पडलं तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साका होऊन बसायला मोकळं होतं.

सध्या भरपाई दोन द्रावणांनी करतेय. २०० लिटरला १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा ६ ग्रॅम लागतो, म्हणजे माझी रोजची गरज ग्रॅमभरसुद्धा नाही. दुसरं द्रावण कॅल्शियम क्लोराइडचं. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतायचं नाही, नाहीतर तिथल्या तिथे पांढरा साका होतो. मी सोडा रिटर्न पंपाजवळ सकाळी देते, कॅल्शियम रात्री.

आकडा ८ असावा की ९, यावर वाद घालणारे खूप भेटतात. माझ्या मते ७.५ ते ९ मधला कोणताही निवडा, पण तिथून हलू देऊ नका. हॅमर कोरलसारख्या एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या) प्रवाळांना चढउतार जास्त जाचतो. मांस सांगाड्यावरून मागे सरकू लागलं की ते परत येणं अवघड.

म्हणूनच आकडा धरून ठेवता येतोय याची खात्री पटल्यावरच हॅमरचा दोन डोक्यांचा फ्रॅग (कापून घेतलेला तुकडा) आणला. प्रवाह मध्यम, जागा खालच्या अर्ध्या भागात. सोबत झोअँथिडचा (एक मऊ, प्रवाळासारखा जीव) एक छोटा फ्रॅग आहे. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ज्या खडकावर ते असतील तो खडक कधीही उकळू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते वाफेवाटे माणसाला रुग्णालयात पोचवू शकतं.

नायट्रेट ८ पीपीएम, फॉस्फेट ०.०६ पीपीएम. ही दोन्ही शून्यावर आणायचा माझा विचार नाही. शून्याच्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) हातपाय पसरतात आणि त्यांना घालवणं केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी कठीण.

पुढे हॅमर वाढला की सोड्याऐवजी टॉप-ऑफच्या पाण्यातूनच चुन्याची निवळी द्यायचा विचार आहे. त्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी बरोब्बर हव्या त्या प्रमाणात मिळतात, शिवाय पीएचही वर राहतो. खिडक्या बंद असल्या की माझा पीएच ७.९ पर्यंत उतरतो, घरातल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पण संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, आणि माझे ३ लिटर तशीच गेली तर दिवसाला दीड डीकेएचपेक्षा जास्त चढेल. त्यामुळे सुरुवात दहाव्या हिश्शाहून पातळ निवळीने करणार आणि टॉप-ऑफला आधी दुसरा फ्लोट स्विच (पाणी ठरल्या पातळीला आलं की भर थांबवणारा) बसवणार.