डिस्चार्ज मिळाला, पण पेशंटला ठेवायचं कुठे? (माझा अनुभव)

भावाचा बाईकवरून अपघात झाला, नडगीचं हाड उघडं पडलेलं म्हणून पुण्यात प्लास्टिक सर्जरी करून फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट घेतलेला कातडी-मांसाचा तुकडा) लावला. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले आता घरी न्या, पण लातूरला नको, दिवसाआड ड्रेसिंग आहे आणि पाय कायम उशीवर उंच पाहिजे. खाली सोडला की फ्लॅपमध्ये रक्त साचून जांभळा पडतो, त्यामुळे पाय खाली सोडायचा तोही घड्याळ लावून, आधी थोडी मिनिटं मग वाढवत. गाडीत सात-आठ तास कसे काढणार?

काकांचं घर जवळ, पण काका दिवसभर सिगारेट ओढतात, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून डॉक्टरांनीच नको सांगितलं. काकू रुसल्या, असो. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेवटी चोवीस तास नर्स असलेलं एक रिकव्हरी सेंटर ठरवलं.

आणि इथे अडकलो. सेंटरवाले म्हणतात डिस्चार्ज समरी पाठवा मगच बेड, बिलिंगवाले म्हणतात टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेचं) फायनल अप्रूवल आल्याशिवाय समरी नाही. अप्रूवल कधी? "प्रोसेसमध्ये आहे." सकाळच्या राऊंडला सोडलेला पेशंट, दुपार टळली तरी तेच, खिडकीतला माणूस मान वर करून बघेना, तिकडून सेंटरचा फोन की संध्याकाळी बेड दुसऱ्याला देतो. मग मी आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं) २०२४ चं सर्क्युलर मोबाईलवर काढून त्याच्यासमोर धरलं, हॉस्पिटलची रिक्वेस्ट गेल्यापासून तीन तासात कंपनीने कॅशलेसचं फायनल उत्तर द्यायचं असतं, उशिरामुळे बिल वाढलं तर ते कंपनीने भरायचं. तेव्हा साहेबांनी स्क्रीन बघितली आणि कळलं की रिक्वेस्टच गेलेली नाही, फार्मसीचा क्लिअरन्स बाकी! म्हणजे तीन तास सुरूच झाले नव्हते. मी काय बोललो ते इथे लिहित नाही. वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरांनी सही-शिक्का मारून ड्राफ्ट समरी दिली, सेंटरला तेवढी चालली. त्यामुळे आदल्या रात्रीच ड्राफ्ट मागून ठेवा आणि रिक्वेस्ट किती वाजता गेली ते विचारा.

हो, अजून एक, सेंटरच्या रोजच्या रेटमध्ये ड्रेसिंगचं सामान धरलेलं नसतं, आधीच लिहून घ्या. कमोड वेस्टर्न आहे का ते स्वतः जाऊन बघा. मांडीवरून कातडी काढली असेल तर ती जागा फ्लॅपपेक्षा जास्त ठणकते, भाऊ रात्री त्यानेच ओरडायचा, म्हणून रात्रपाळीची नर्स ड्रेसिंग करते की नुसती बसून असते हेही विचारा. डिस्चार्जनंतरची औषधं-तपासण्या बऱ्याच पॉलिसीत ६० किंवा ९० दिवस मिळतात, बिलं जपून ठेवा. सेंटरच्या बेडचे पैसे मात्र आम्ही खिशातूनच भरले.